चार तोळे सोनं आणि उणे २३३ अंश

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत जूनमध्ये रात्री दहालाही हात लावू देत नाही. भिंत दगडी, वर दगडाच्याच पटिया टाकलेलं छत. दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजलेला तो दगड रात्रभर धग ओकत असतो. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं, खाटा टाकल्या, तरी त्या भिंतीकडची खाट कुणालाच नको असते. वीतभर अंतरावर नुसता तळवा धरला तरी धग कळते. वारा पडलेला असला तरी कळते. अंधारात भिंत काळीच दिसते, पण खरं म्हणजे ती उजळलेली असते. तो उजेड आपल्या डोळ्यांच्या कामाचा नाही, इतकंच.

करोनाच्या दिवसांत कपाळावर रोखायचं ते पिस्तुलासारखं थर्मामीटर आमच्याकडे अजून आहे. परवा झोप येईना म्हणून मी ते सगळीकडे रोखत बसलो. भिंत ४३. फरशी ३८. माठ २६. सहज वर आकाशाकडे धरलं, तर त्यानं आकडाच दिला नाही, नुसतं ‘लो’ लिहिलं. माझ्या मोजपट्टीच्या खाली, बाबा, हे मला जमायचं नाही.

हे यंत्र डोक्यात किरण सोडतं अशी तेव्हा पुष्कळांना भीती होती. ते काही सोडत नाही, नुसतं घेतं. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे अवरक्त प्रकाश बाहेर टाकत असते, तो मोजून ते अंश सांगतं. अवरक्त म्हणजे लालच्या पलीकडचा, इन्फ्रारेड. १८०० साली विल्यम हर्शेलनं लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवून पाहिले, आणि लालच्याही पुढे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. हा हर्शेल मुळात पेशानं संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. एवढं लक्षात असू द्या, पुढे गाण्याशी काम आहे.

तर त्या रात्री आई शेजारच्या खाटेवर जागीच होती. मी तिला फोनवर अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला, जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा जाहीर झालेला. हातभर अंतरावर वाळूचा कण धरला तर तो आकाशाचा जेवढा तुकडा झाकेल, तेवढ्याच तुकड्यातल्या या हजारो दीर्घिका. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, अब्जावधी ताऱ्यांचं एकेक गाव. त्यात केशरी, निळ्या, गुलाबी, काही धनुष्यासारख्या ताणलेल्या. आईनं चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, “हे रंग खरे आहेत का रे?”

मी म्हटलं, “नाहीत.” मग म्हटलं, “म्हणजे आहेत.” आणि अडकलो. पुढचं सगळं त्या अडकण्यातून सुटण्यासाठी.

आई लहानपणापासून गाणं शिकलेली, ग्वाल्हेर गायकीतलं. एके काळी ‘काळी पाच’ या पट्टीत गायची. आता वयानं आवाज उतरला, काळी दोनवर आली. पण तिचा भूप राग तेव्हाही भूप होता, आजही भूपच आहे. षड्ज, म्हणजे पायाचा ‘सा’, खाली सरकला की रिषभ, गंधार, पंचम, धैवत सगळे त्याच प्रमाणात खाली सरकतात. सुरांची जागा बदलते, त्यांची आपसातली अंतरं बदलत नाहीत. म्हणूनच पट्टी कुठलीही असो, दारातून आत येणारा माणूस दोन आलापांत राग ओळखतो.

लांबून येणाऱ्या प्रकाशाचं नेमकं हेच होतं. प्रकाश म्हणजे लाटा. वाटेतलं अवकाशच पसरत असल्यामुळे प्रवासात प्रत्येक लाट ताणली जाते, आणि सगळ्या लाटा एकाच पटीत ताणल्या जातात. निळा असेल तो लालकडे सरकतो, लाल असेल तो लालच्या पलीकडे. याला ताम्रसृती असा भारदस्त मराठी शब्द आहे, बोलताना मात्र सगळे रेडशिफ्टच म्हणतात. रेडशिफ्ट १४ म्हणजे प्रत्येक लाट मूळच्या पंधरा पट लांब झाली. हिशेब एक मिळवून करायचा असतो. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर सूर जवळजवळ चार सप्तकं खाली गेला. आपल्या पेटीत साडेतीन सप्तकं असतात, म्हणजे तो सूर पेटीच्या डाव्या कडेवरून खालीच पडला. आणि माणसाच्या डोळ्याची तर अवस्था त्याहून दीनवाणी. जांभळ्यापासून लालपर्यंत मिळून त्याला जेमतेम एक सप्तक दिसतं.

आता आकडे घालू. हायड्रोजनची एक ठरलेली लकेर आहे, १२१.६ नॅनोमीटर लांबीची, अतिनील. रेडशिफ्ट १४ असलेल्या दीर्घिकेतून ती निघाली तर आपल्यापर्यंत येता येता ती सुमारे १.८ मायक्रॉनची होते (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). वेबच्या आधीच्या, अवकाशातल्याच हबल दुर्बिणीचा अवरक्त कॅमेरा १.७ मायक्रॉनला थांबतो. बघा, केवढ्याशा फरकानं गाडी चुकते. हबल आणखी महिनाभर त्याच जागी टक लावून बसली असती तरी ही दीर्घिका तिला दिसली नसती. वेब ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत पाहू शकते, म्हणून तिथे नवा आरसा नव्हे, नवा कानच लागत होता.

पण त्या कानाला आधी स्वतःचाच आवाज बंद करावा लागतो, आणि माझ्या मते या दुर्बिणीची खरी करामत तिथे आहे. सगळे आरशाच्या आकाराचं कौतुक करतात. आरसा मोठा आहेच, साडेसहा मीटर, हबलचा २.४. पण आमच्या पश्चिमेच्या भिंतीएवढा, भिंतीसारखाच कोमट आरसा वर नेला असता तर तो निरुपयोगी ठरला असता. साध्या खोलीच्या तापमानाची वस्तू नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जोरात चमकते, आणि त्या चमकेचं शेपूट दोन-अडीच मायक्रॉनपर्यंत लांबतं. नेमकं तिथेच तर आपल्याला बघायचंय. हबलचा आरसा २१ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. दृश्य प्रकाशाला त्याचं काही वाटत नाही, अवरक्तात तो आरसा स्वतःच दिव्यासारखा जळतो. पेट्रोमॅक्स डोळ्यांसमोर धरून काजवा शोधण्यातला प्रकार. जमिनीवरून पाहावं तर आणखी पंचाईत. हवेतली वाफ बराचसा अवरक्त प्रकाश वाटेतच गिळते, आणि वर हवा स्वतः चमकते ती वेगळीच.

म्हणून वेब थंड ठेवली आहे. आरसा सुमारे ४० केल्विनला, म्हणजे उणे २३३ अंश सेल्सियस. इतक्या गार वस्तूची चमक सत्तर मायक्रॉनच्या पलीकडे जाते, दुर्बिणीच्या नजरेबाहेर. आणि एवढ्यानंही भागत नाही असं एक उपकरण तिच्यावर आहे, नाव मिरी. नाव तिखट, पण सगळ्यात थंड तेच. लांब लहरी टिपायच्या म्हणून त्याला ७ केल्विनच्याही खाली न्यावं लागतं, आणि त्यासाठी हेलियमवर चालणारा वेगळा फ्रीज जोडला आहे.

बाकीची दुर्बीण मात्र फ्रीजशिवाय गार राहते, नुसत्या सावलीत. हे मला फार आवडतं, कारण ग्वाल्हेरचा माणूस उन्हाळा काढतो तो असाच. जुन्या घरांत छत आणि राहती खोली यांच्या मध्ये माळा असायचा. ऊन छत तापवायचं, छत माळ्यातली हवा तापवायचं, खोलीपर्यंत येता येता त्याचा जोर संपायचा. वेबच्या सूर्याच्या बाजूला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री आहे. कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकचे हे पदर, त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा. पहिला पदर ०.०५ मिलिमीटर जाडीचा, पुढचे त्याच्या निम्मे. प्रत्येक दोन पदरांमध्ये मोकळी पोकळी. तिथे हवा नाही, त्यामुळे उष्णता फक्त प्रकाशरूपानं पुढे जाऊ शकते, आणि ती पदरांच्या फटींतून कडेकडेनं अवकाशात निसटून जाते. छत्रीच्या उन्हाकडच्या बाजूला ८५ अंशांच्या आसपास, सावलीत उणे २३३. पाच पातळ पदर, आणि तीनशे अंशांचा फरक!

छत्री एकच आहे आणि सूर्य, पृथ्वी, चंद्र तिघांची धग चुकवायची आहे, तर तिघे एकाच बाजूला असले पाहिजेत. म्हणून दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उलट दिशेला, एल-२ नावाच्या बिंदूभोवती फिरते. चंद्राच्या जवळपास चौपट अंतर. हबल पाच-साडेपाचशे किलोमीटरवरून पृथ्वीभोवती घिरट्या घालते, म्हणून अंतराळवीर तिथे पाच वेळा जाऊन दुरुस्ती करून आले. इथे तशी सोय नाही. २५ डिसेंबर २०२१ ला एरियान-५ रॉकेटनं ती फ्रेंच गयानाहून निघाली ती घडी घालून, कारण साडेसहा मीटरचा आरसा रॉकेटच्या टोकात मावेना. आरसा अठरा षटकोनी तुकड्यांचा केला, बेरिलियमचा, थंडीत आकार फारसा न बदलणाऱ्या धातूचा. वर सोन्याचा मुलामा, कारण सोनं अवरक्त प्रकाश फार छान परतवतं. सगळ्या आरशाला मिळून सोनं लागलं सुमारे ४८ ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांपेक्षा जरासं जास्त. आमच्या सराफ्यात एका साध्या लग्नाची खरेदी याहून मोठी असते.

वर गेल्यावर अठरा तुकडे अठरा दिशांना बघत होते. सप्तर्षींच्या तारकासमूहातल्या एचडी ८४४०६ या ताऱ्याकडे दुर्बीण वळवली, तर फोटोत एकाच्या जागी अठरा तारे विस्कटून पडलेले. कुठला ठिपका कुठल्या तुकड्याचा ते ओळखून, एकेक तुकडा केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक मापानं हलवत, सगळे ठिपके एकावर एक आणले. तंबोऱ्याच्या तारा जुळवणारं कुणी घरात असेल तर त्यांना विचारा, शेवटचा अर्धा स्वर मिळवायला किती वेळ जातो.

मग फोटो काढायचा. हे ‘काढणं’ म्हणजे क्लिक नव्हे. एवढ्या लांबून प्रकाश थेंबथेंब येतो, तिघरा धरणाचं पाणी कमी दाबानं येतं तेव्हा रात्री नळाखाली बादली लावून ठेवतात तसं. कॅमेऱ्यात दहा चिपा आहेत, प्रत्येकीत चाळीस लाखांवर पिक्सेल. नुसत्या आकड्यात माझा फोन वरचढ आहे, त्यानं हुरळून जाऊ नका. इथला प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बादली, आणि बादली ओतून न टाकता मधून मधून तिची पातळी पाहतात. पातळी सावकाश चढत असेल तर ते पाणी नळाचं. एकदम टुणकन चढली, तर वैश्विक किरणाचा एखादा कण येऊन आदळला, कुणीतरी मधेच मगभर पाणी ओतलं म्हणायचं. तेवढी उडी वजा करायची. शिवाय दर खेपेला दुर्बीण किंचित सरकवतात, म्हणजे एखादी बादली फुटकी असली तरी आकाशातला तोच ठिपका कायम तिच्यात पडत नाही. आईला दाखवलेल्या त्या फोटोला असे साडेबारा तास लागले.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शून्य. आमच्या किल्ल्यावर चढताना चतुर्भुज मंदिर लागतं, खडकात कोरलेलं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात एका फुलबागेचं माप आहे, २७० हात, आणि त्या २७० मधलं शून्य म्हणजे एक छोटंसं वाटोळं. शाळेच्या सहलीत आम्हाला ते दाखवलं होतं, तेव्हा त्यात काय पाहायचं ते कळलं नव्हतं. कॅमेऱ्याला विचारा. झाकण बंद ठेवलं, एकही प्रकाशकण आत शिरला नाही, तरी तो शून्य सांगत नाही. चिपेच्या स्वतःच्या उबेनं बादलीत थोडं पाणी झिरपतंच. ते अंधारातलं वाचन आधी घेऊन ठेवायचं आणि प्रत्येक फोटोतून वजा करायचं. मग उरते आपल्याच सूर्यमालेतली धूळ. ग्रहांच्या मधली ती धूळ उन्हात चमकते, उन्हानं तापून अवरक्तातही चमकते, आणि दुर्बीण तिच्या मागे जाऊ शकत नाही. तीही वजा. दूरच्या दीर्घिकेचा फोटो म्हणजे बराचसा वजाबाकीचा हिशेब आहे. बेरीज अगदी शेवटी येते.

एवढं झाल्यावर समोर येतात काळेपांढरे फोटो. दुर्बिणीला रंग दिसत नाहीत. ती प्रकाशाच्या वाटेत एकेक गाळणी, फिल्टर, धरते आणि प्रत्येकीतून एक काळापांढरा फोटो घेते. आईच्या फोटोसाठी ०.९ मायक्रॉनपासून ४.४ मायक्रॉनपर्यंत अशा सहा गाळण्या वापरल्या होत्या. सगळ्यात आखूड लहरींच्या फोटोला निळा रंग दिला, सगळ्यात लांब लहरींच्या फोटोला लाल, मधल्यांना मधले. क्रम पाळला. म्हणजे काय केलं, तर पेटीवरून खाली पडलेलं गाणं उचलून आपल्या कानाला ऐकू येईल अशा पट्टीत गायलं. “रंग खरे आहेत का” याचं उत्तर हे. पट्टी आपली, राग त्यांचा. उपमा इथे जराशी लंगडते हे कबूल करतो, कारण रंग देताना सहा गाळण्यांतलं अंतर जसंच्या तसं राखलेलं नसतं, चित्र नीट वाचता यावं म्हणून थोडी ओढाताण होते. पण निळ्याचा लाल आणि लालचा निळा कुणी करत नाही.

या गाळण्यांचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात सगळीकडे हायड्रोजन वायू भरलेला होता, आणि तो त्या १२१.६ नॅनोमीटरच्या लकेरीपेक्षा आखूड प्रकाश जवळजवळ पुरता गिळून टाकतो. त्यामुळे अतिदूरची दीर्घिका आखूड लहरींच्या गाळण्यांतून अजिबात दिसत नाही, आणि पुढच्या गाळणीत अचानक हजर होते. ती कुठल्या गाळणीपर्यंत गायब आहे, त्यावरून रेडशिफ्टचा अंदाज येतो. हजारो ठिपक्यांतून उमेदवार निवडायची ही झटपट रीत.

झटपट आहे म्हणून फसवीही आहे. २०२२ मध्ये सीअर्स-९३३१६ नावाचा एक ठिपका असाच गाजला. अंदाज होता रेडशिफ्ट १६ च्या वर, म्हणजे तोवरची सगळ्यात दूरची दीर्घिका. पुढे तिचा प्रकाश वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, पसरून पाहिला तर रेडशिफ्ट निघालं ४.९. धुळीनं लालसर झालेली, बरीच जवळची दीर्घिका, आणि तिच्या काही ठळक प्रकाशरेषा नेमक्या अशा गाळण्यांत पडलेल्या की सोंग हुबेहूब वठलं. दोन सूर ऐकून राग सांगितला की असं होतं. भूप आणि देशकार यांचे सूर तेच. चलन, म्हणजे सुरांची चाल, ऐकल्याशिवाय कुणी पैज लावू नये. वर्णपटात ते चलन दिसतं. हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन यांच्या रेषा आणि त्यांची आपसातली प्रमाणं. ती प्रमाणं जुळली की मग ताणलं किती गेलंय हे नक्की सांगता येतं.

अशा पक्क्या मोजमापात टिकलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका २०२४ मध्ये जाहीर झाली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं जेमतेम ३० कोटी वर्षं, आज ते १३८० कोटी आहे. २०२५ मध्ये तिच्याही मागे गेलेली मॉम-झेड१४ सापडली, रेडशिफ्ट १४.४४, विश्व तेव्हा २८ कोटी वर्षांचं. यातलं ‘मॉम’ म्हणजे आई नव्हे. ज्या पाहणीत ती सापडली तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ आहे ‘मृगजळ की चमत्कार’. आग्रा रोडवर जूनच्या दुपारी जे पाणी दिसतं ते आम्ही रोज बघतो, त्यामुळे या लोकांचा सावधपणा मला मनापासून पटतो. मात्र इतक्या लवकरच्या काळात अशा उजळ दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या आहेत, त्या इतक्या झटपट कशा घडल्या यावर अजून खडाजंगी चालू आहे.

फोटो हातात आलाच तर एक गंमत पाहून घ्या. ज्या ठिपक्याला काटे फुटलेले दिसतील, सहा मोठे आणि दोन बारीक, तो बहुतेक आपल्याच आकाशगंगेतला तारा, वाटेत मधे आलेला. ते काटे आरशाच्या षटकोनांमुळे आणि पुढच्या दांड्यांमुळे पडतात. बिनकाट्याचं जे काही आहे, त्या बहुतेक दीर्घिका. आणि धनुष्यासारखे वाकलेले पट्टे म्हणजे मागच्या दीर्घिका, मधल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणानं त्यांचा प्रकाश वळवून मोठा केलेला. फुकटातलं भिंग.

आईला हे सगळं सांगेपर्यंत साडेबारा वाजले. शेवटी मी तिला पुण्याची बातमी सांगितली. तिथल्या एनसीआरए या खगोलसंस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या फोटोंत एक दीर्घिका सापडली, चांगले दोन वळणदार हात असलेली, अगदी आपल्या आकाशगंगेसारखी. विश्व केवळ दीडशे कोटी वर्षांचं असतानाची, आणि तेव्हा इतकी घडीव चकती असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी तिचं नाव ठेवलं अलकनंदा.

“अलकनंदा?” आई उठून बसली. ती केदारनाथ-बद्रीनाथ करून आलेली, तिथल्या अलकनंदा आणि मंदाकिनी या दोन्ही नद्या पाहिलेल्या. “मग मंदाकिनी कुठाय?”

“आपण बसलोय ना तिच्यात. आकाशगंगेचंच नाव ते. म्हणून तर हिचं अलकनंदा ठेवलं.”

तिनं वर पाहिलं. महाराज बाडा चौकातल्या दिव्यांचा उजेड आणि धुळीचा पडदा, वर दोन-चार तारे सोडले तर काही नव्हतं.

“असेल,” म्हणाली, आणि खाट भिंतीपासून आणखी हातभर लांब ओढून घेतली.